कात्रजचे पाच उपाशी गणपती

माझ्यामुळे कात्रजच्या एका इमारतीतले पाच गणपती चतुर्थीला दुपारपर्यंत उपाशी राहिले.

बायकोच्या मदतीला धावून गेल्यामुळे हे घडलं. सुनंदा, म्हणजे आमची ही, धायरीतल्या आमच्या दोन खोल्यांतून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेत असे. गिऱ्हाइकांची नोंद ती हाताला लागेल त्या कागदावर करी: लग्नपत्रिकेची पाठ, वाण्याच्या बिलाचा कोपरा, एकदा तर माझं पगाराचं पाकीट (ते रिकामंच होतं, तो भाग वेगळा). एकच बाई तीन चिठ्ठ्यांवर तीन नावांनी सापडे. आदल्या वर्षी एका घरी दोनदा मोदक गेले होते आणि एका घरी गेलेच नव्हते.

"अहो, कंपनीत दिवसभर लोकांच्या याद्या लावता ना? मग घरची एक लावा की!" ती म्हणाली. "यंदा कात्रजला नवीन गिऱ्हाइकं लागलीत. पहिल्याच गणपतीला घोळ झाला तर परत कोणी विचारायचं नाही आपल्याला."

मी नुकताच कंपनीच्या खर्चाने एका मोठ्या हॉटेलात प्रशिक्षण घेऊन आलो होतो. पसारा कितीही मोठा असो, छोट्या छोट्या पायऱ्या करा आणि एका वेळी एकच चढा, असं तिथे शिकवलं होतं. म्हणून हप्त्यांवर घेतलेल्या कॉम्प्युटरवर (टेबल नसल्यामुळे तो शिलाई मशीनवर बसवला होता) मी पहिल्या दिवशी फक्त नावं भरली.

"आणि पत्ते?"

"ती पुढची पायरी."

"आणि कोणाला किती मोदक?"

"सुनंदा, घाई केली की घोळ होतो."

"गणपती येईपर्यंत तुमचा जिना संपेल ना?"

पत्ते झाले, ऑर्डरी झाल्या, मग फोन नंबर. बऱ्याच नंबरांपुढे 'पी.पी.' असं लिहिलेलं होतं. तेव्हा फोन ही अर्ज करून वर्षानुवर्षं वाट पाहण्याची वस्तू होती. ज्याच्याकडे नसे तो शेजाऱ्याचा नंबर आपला म्हणून देई आणि पुढे पी.पी. लिही. हे मला पक्कं ठाऊक होतं. (आम्ही स्वतः कितीतरी वर्षं खालच्या मजल्यावरच्या फोनवर जगलो होतो!) पण आकड्यांच्या रकान्यात अक्षरं बरी दिसेनात, म्हणून मी ती सगळी पुसून टाकली. काय स्वच्छ दिसायला लागलं!

छोट्या पायऱ्यांत एक गोम असते. वरच्या पायरीवर पोचलं की माणूस खालची विसरतो. पुढच्या रविवारी 'दोनदा आलेली गिऱ्हाइकं काढणे' ही पायरी आली, तोवर पी.पी. माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. नावं लोक दहा प्रकारे सांगतात, पत्ते अर्धवट सांगतात. पण नंबर कसा खोटं बोलेल? एक नंबर, एक गिऱ्हाईक! मी बटण दाबलं आणि यादी झर्रकन निम्म्यावर आली.

"अगंबाई! एवढी गिऱ्हाइकं गेली कुठे?"

"गेली नाहीत. ती मुळात नव्हतीच!"

"कात्रजला एकच घर?"

"एकच. जोशी."

"पण मला तर वेगवेगळ्या आवाजांत फोन आले होते!"

"एकत्र कुटुंब असेल."

"चिठ्ठ्या दाखवा बघू."

चिठ्ठ्या मी रद्दीवाल्याला दिल्या होत्या. (ती शेवटची पायरी होती, उत्साहाच्या भरात आधीच उरकली.)

चतुर्थीला सकाळी मी स्कूटरवर डबे लादून निघालो. कात्रजच्या त्या इमारतीत जोशींचे एकवीस मोदक पोचवले. मजल्यामजल्यावर बायका ताटं घेऊन दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. मीही प्रत्येकीकडे बघून छान हसलो आणि परत आलो. कात्रजची माणसं किती अगत्यशील आहेत, हे मी सुनंदाला सांगतच होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"कात्रजहून दाते बोलतोय. आपण मोदकवाले?"

"हो. आपले मोदक..."

"माझे नाहीत. मला मधुमेह आहे. माझा फक्त फोन आहे. जरा धरा, मागे रांग आहे."

"अहो, सकाळी आमच्या दारावरून हसत हसत गेलात! मला वाटलं, वरून येताना द्याल!" पहिल्या बाई.

"आमच्याकडे आरती तीनदा म्हणून झाली. चौथ्यांदा म्हणायला कोणी तयार नाही!" दुसऱ्या.

मग एक हळू पुरुषी आवाज आला. "साहेब, मोदक नसले तरी माझं काही नाही. आमच्या सासूबाईंना तेवढं तुम्ही स्वतः येऊन सांगा."

परत दाते. "अजून दोघं आहेत. का आपल्याला आधी पी.पी. म्हणजे काय ते समजावून सांगू?"

फोन ठेवून मी सुनंदाला सगळं सांगितलं. आमच्या घरच्या नैवेद्याचे एकवीस मोदक तेवढे शिल्लक होते. तिने पाच डब्यांत चार चार भरले, उरलेला एक आमच्या बाप्पासाठी बाजूला ठेवला आणि दाराकडे बोट दाखवलं. मी इतका गोंधळलो होतो की तो उरलेलाही उचलून निघालो.

"चारच?" पहिल्या बाईंनी डबा उघडून विचारलं. "बाप्पा डाएटवर आहे का?"

पाचही दारांत मी हात जोडले. सासूबाईंच्या दारात तर वाकून नमस्कारच केला. खाली दाते उभे होते. मी हातातला शेवटचा मोदक त्यांच्यापुढे धरला आणि धरल्यावर जीभ चावली.

"मधुमेह मला आहे, माझ्या गणपतीला नाही," असं म्हणून ते मोदक घेऊन आत गेले.

घरी आलो तर आमच्या बाप्पापुढे रिकामी वाटी. सुनंदा म्हणाली, "सांगा आता त्याला. तू मुळात नव्हतासच म्हणावं!"

कात्रज हातचं गेलं, अशीच तिची समजूत होती. संध्याकाळी दात्यांचा परत फोन आला. "वहिनी, चार मोदकांवरून घराघरांत भांडणं लागलीत. विसर्जनाच्या आत प्रत्येकी एकवीस पाठवा. फक्त एक अट. ऑर्डर मी सांगणार, तुम्ही लिहून घेणार. यजमानांनी स्कूटर चालवावी."

तेव्हापासून मी स्कूटर चालवतो. कंपनीत मात्र त्याच सुमारास मला बढती मिळाली, आणि एका परदेशी बँकेच्या सगळ्या ग्राहकांची यादी साफ करण्याचं काम माझ्याकडे आलं. तिकडे कोणी शेजाऱ्याचा फोन नंबर देत नाही, एवढ्या एका भरवशावर मी 'हो' म्हणालो.