दोघींत एकच सायकल

मेहकरच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या सरांनी माउंटन सायकलच्या शर्यतीसाठी दोनच मुली निवडल्या होत्या. एक मी, दुसरी माझी मैत्रीण. मी बीबी गावची. घरी ओलिताची शेती, वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान, चार लोकांत शब्दाला मान. ती मेहकरजवळच्या एका खेड्यातली. शाळेत असताना मिळालेली काळी सायकल ती कॉलेजलाही दामटत आणायची, ऊन असो की चिखल. मी एसटीच्या पासवर यायचे आणि मैदानात आल्यावर सायकलीला हात लावायचे. फरक तिथूनच होता, पण तेव्हा मला तो दिसत नव्हता. किंवा दिसत होता आणि मी दुसरीकडे पाहत होते.

कॉलेजने एक चांगली सायकल आणली होती. पुढे शॉकअप, डिस्क ब्रेक, रुंद टायर. एकच. सर म्हणाले, "राज्याच्या स्पर्धेले एकीचंच नाव जाईन. आधी दोघीही शिका."

आम्ही शिकलो. कॉलेजच्या मागे गायरान, गायरानापुढे मुरमाची टेकडी, टेकडीपलीकडे बंद पडलेली खदान आणि एक नाला. सरांनी तिथं चुन्याने वाट आखून दिली. खऱ्या शर्यतीतही असंच असतं, त्यांनी सांगितलं. डोंगरात आखलेली चार-पाच किलोमीटरची वाट, तिच्या ठरलेल्या फेऱ्या, सगळ्या एकदम सुटतात आणि जी आधी फेऱ्या संपवेल ती जिंकली. चढावर मी बरी होते. पाय लांब, दम चांगला. पण नाल्यातला उतार आला की माझी बोटं आपोआप ब्रेकवर जायची. ती मात्र सीटच्या मागे सरकायची, कोपरं बाहेर काढायची आणि पाणी उताराने जावं तशी खाली जायची. मी एकदा विचारलं, "भेव नाही वाटत?" ती म्हणाली, "खाली पाह्यलं तर वाटते. मी समोर पाहतो." आमच्याकडे मुलीही कधीकधी असं पोरासारखं बोलतात, तीही बोलायची.

ती चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

अर्ज भरताना सरांनी कागद दाखवला. त्यावर गटाचं नाव होतं, महिला एलिट. मला तो शब्द फार आवडला. मी घरी जाऊन आईला सांगितला, वडिलांना सांगितला, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनीही ऐकला. सरांनी नंतर समजावलं की मुली इतक्या कमी येतात की लहान वयाचा वेगळा गट निघतच नाही, म्हणून अठराच्या वरच्या सगळ्याजणी एलिटमध्ये. म्हणजे शब्द मोठा होता, आम्ही नव्हतो. तरी तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही.

निवडीची चाचणी एका रविवारी सकाळी झाली. सायकल एकच, म्हणून एकीनंतर दुसरी, प्रत्येकीच्या दोन फेऱ्या. सर घड्याळ घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभे. चिठ्ठी काढली, आधी माझा नंबर आला.

पहिली फेरी चांगली झाली. दुसऱ्या फेरीत नाल्याच्या उतारावर मी ब्रेक उशिरा लावला आणि उजव्या अंगावर पडले. मला फार लागलं नाही, सायकल मात्र दगडावर आदळली. तिथून सर दिसत नव्हते. मी उठले, बसले, निघाले. शेवटच्या सपाट तुकड्यावर चेन दोनदा उडाली. गिअर बदलणारा जो भाग मागच्या चाकाशी लोंबतो, त्याला धरणारी ॲल्युमिनियमची पट्टी असते. हँगर म्हणतात तिला. ती आत वळली होती. ते मला पायांतून कळलं. सायकल रोज चालवली की असं कळतं.

रेषेवर पोचले तेव्हा सरांनी वेळ लिहून घेतली. माझ्या कोपराकडे पाहून म्हणाले, "पडली का?"

"नाही सर. मुरूम उडला."

मैत्रीण पुढे आली. तिने हँडल हातात घेतलं, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "गिअर बराबर आहे ना?"

मी म्हटलं, "हाव."

तेवढंच. मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं. ती विचारेल असंही वाटलं नव्हतं. पण तिने विचारलं आणि माझ्या तोंडातून इतक्या सहज 'हाव' निघालं की मला स्वतःलाच ते खरं वाटलं. मग मी बाटली काढली आणि पाणी पीत बसले.

पहिल्या फेरीत ती टेकडीवर अर्ध्यात दिसली, मग दिसेनाशी झाली, मग पुन्हा दिसली तेव्हा सायकल हाताने ढकलत होती. सर पुटपुटले, "काऊन उतरली ही?" दोन्ही फेऱ्या संपवून ती परत आली तेव्हा तिची बोटं काळी झाली होती. नाल्याच्या उतारावर तिने बरीच भरपाई केली असणार, कारण इतकं होऊनही ती माझ्या मागे फक्त अकरा सेकंद होती.

"चेन पडली सर," ती म्हणाली. "दोनदा. चढावर."

सरांनी मला विचारलं, "तुझी पडली होती?"

"नाही सर."

मग सर तिलाच बोलले. "चढावर जोर देऊन गिअर टाकू नको म्हणून कितीदा सांगतलं तुले. ऐकतच नाही." तिने मान खाली घातली. सायकल उभी करताना ती क्षणभर मागच्या चाकापाशी वाकली. मला वाटलं ती चेन पाहतेय. मग तिने नळावर हात धुतले, आपली काळी सायकल काढली आणि निघून गेली.

नाव माझं गेलं. कॉलेजात कुजबुज झाली की बीबीच्या दुकानवाल्याने संस्थेच्या लोकांना फोन केला असणार. हे साफ खोटं होतं. वडिलांनी कुणालाही फोन केला नव्हता. आणि खोटं होतं म्हणूनच मला ते फार उपयोगी पडलं. कुणी टोमणा मारला की मी खरोखर संतापायचे. वडिलांची शपथ घ्यायचे. माझा राग इतका खरा होता की लोक गप्प व्हायचे, आणि खरं काय झालं ते विचारायचं कुणाच्या मनातच यायचं नाही.

पट्टी मी बाजारातल्या सायकल दुकानात गुपचूप सरळ करून घेतली. त्या कारागिराने अशी सायकल पहिल्यांदाच पाहिली होती. त्याने पान्ह्यात धरून ती वाकवली, बऱ्यापैकी सरळ केली. आठवडाभर मी सरावाला एकटीच. मैत्रिणीला सरांनी निरोप पाठवला की ये, मदत होईल. ती आली नाही. "घरी काम आहे," एवढंच उत्तर आलं. गहू काढणीला आला होता, त्यामुळे ते कुणाला वावगं वाटलं नाही.

स्पर्धा पुण्याजवळच्या एका डोंगरात होती. मी आणि सर, सोबत सरांच्या पत्नी, एसटीने गेलो, सायकलचे भाग सुटे करून पोत्यात बांधलेले. आदल्या दिवशी तिथल्या एका कारागिराकडे सर सायकल जोडून घेत होते. मी शेजारी उभी होते. त्याने मागचं चाक फिरवलं, डोळा बारीक केला आणि म्हणाला, "सर, हा हँगर वाकला होता. कुणीतरी पान्ह्याने सरळ केलाय, खुणा आहेत बघा. कधी पडली होती?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं. मग ते कारागिराला म्हणाले, "नवा टाका."

त्याने नवा टाकला. गिअर असे पडायला लागले की आवाजसुद्धा नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जे झालं त्याचा दोष सायकलीवर टाकायला जागा राहिली नाही.

आम्ही नऊ जणी होतो. बाकीच्यांचे बूट पेडलमध्ये अडकणारे, अंगावर घट्ट कपडे, कुणाचा मार्गदर्शक, कुणाचा नवरा बाटली घेऊन उभा. मी एकीला विचारलं, "पानी कुठं भरून राह्यले?" तिने शेजारच्या मुलीकडे पाहिलं आणि दोघी ओठ दाबून हसल्या. मग तिने हाताने दाखवलं. वाईट नव्हती ती. पण मी दिवसभर पुन्हा तोंड उघडलं नाही.

शिट्टी वाजली. पहिल्या चढावर मी सहावी होते. आजही ते सांगताना थोडं बरं वाटतं. चढ संपला आणि दगडांचा उतार आला, तीन मोठ्या पायऱ्यांसारखा, मिळून पुरुषभर उंच. समोरच्या पाचही जणी न उतरता खाली गेल्या. मी ब्रेक धरला. खाली पाहिलं. मागून कुणी ओरडलं, "बाजूला, बाजूला." मी उतरले, सायकल खांद्याला लावली आणि एकेक दगड धरत खाली गेले. तेवढ्यात उरलेल्या तिघी निघून गेल्या. दुसऱ्या फेरीतही मी उतरले. तिसरी फेरी सुरू व्हायच्या आधी एका माणसाने झेंडा आडवा धरला. पहिल्या नंबरवालीपासून ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त मागे पडलं की बाहेर काढतात. नियम आहे. तो शांतपणे म्हणाला, "ताई, इकडून या." मी तिकडून आले.

परतीच्या एसटीत सरांच्या पत्नी खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या.  सिंदखेडराजा मागे पडल्यावर सर म्हणाले, "चाचणीच्या दिवशीच ना?"

"हो सर."

"अन् मी त्या पोरीले बोललो."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "आता कोनाले सांगू नको. कॉलेजचं नाव छापून आलं आहे. माझंही. झालं ते झालं." मला त्या क्षणी फार हलकं वाटलं. आपल्याला गप्प राहायला एका मोठ्या माणसाने सांगितलं आहे, असं ते हलकेपण होतं. त्याची आज मला शिसारी येते. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनाही तो बोर्ड हवा होता, जो कॉलेजच्या फाटकावर महिनाभर लागला होता. त्यावर माझा फोटो आणि एलिट हा शब्द.

पुढच्या थंडीत मैत्रिणीचं लग्न झालं. पत्रिका आली नाही. मी पुढची तीन वर्षं शर्यती केल्या. उतार शिकले, हळूहळू, भीत भीत. एकदा चौथी आले. त्या पलीकडे कधी गेले नाही. आता बुलढाण्यात एका शाळेत खेळ शिकवते.

मागच्या वर्षी बुलढाण्याच्या बसस्टँडवर ती दिसली. हातात औषधांची पिशवी, सोबत सासू. सासूबाई बाकावर टेकल्या तसं मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, पाठ केल्यासारखं. मी पडले होते, मला माहीत होतं, मी खोटं बोलले.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मले माहीत होतं. सायकलवर ताजा ओरखडा होता. पहिल्याच चढावर समजलं."

"मंग काऊन नाही सांगतलं सरांले?"

"मी तुले विचारलं होतं," ती म्हणाली. "तू हाव म्हणली. मले वाटलं, फेरी झाल्यावर तरी सांगशील. मंग वाटलं, स्पर्धेच्या आधी. मी सरावाले येत नव्हती ते त्याच्यासाठीच. तू घरी येशील म्हणून. आमचं घर तुले माहीत होतं."

 मी म्हटलं, "माफ कर."

तिने थोडा विचार केला. खरंच केला, ते दिसत होतं. "तुले पाहिजे असन तर म्हणते मी, केलं माफ. पण ते खोटं होईन. अन् राग म्हणशील तर तोही आता रोज येत नाही. कधीमधी येते." मग तिने विचारलं, "आता शिकवतं म्हणे तू. पोरी आहेत काय?"

"आहेत. आठ-दहा."

"सायकली किती?"

"दोन."

 चिखलीची गाडी लागली. तिने सासूबाईंना हात दिला, वर चढवलं, पिशवी वर सरकवली आणि चढली. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, पण जागा त्यांना पलीकडच्या बाजूला मिळाली होती.