पाच वेळा ब्रेक

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला निघताना माझ्या गाडीचा ब्रेक दगड झाला.

आणि तो मी सोडवला. मी. मेकॅनिक नाही, बॉनेट उघडलं नाही, काही नाही.

खडवलीला गावच्या घरी पोचलोय, वंदना झाली, सगळे जेवतायत आणि मी मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसलेय. हे आत्ताच लिहायला हवं, माझ्या पोटात राहणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाबा खोपटच्या डेपोत बसचे मेकॅनिक होते. आयुष्य गेलं त्यात. कुठल्याही गाडीत बसले की चावीला हात लावायच्या आधी पाच वेळा ब्रेक दाबायचे. मोजून पाच.

"आधी थांबायचं कसं ते बघ, शितू. निघायचं नंतर बघू."

दोन वर्षांपूर्वी मी बटणाने सुरू होणारी गाडी घेतलेली. पेढे वाटून झाले, अख्खी बिल्डिंग खाली उभी, बाबा ऐटीत ड्रायव्हर सीटवर. पाच वेळा ब्रेक दाबला, बटण दाबलं.

गाडी ढिम्म.

पेडल एकदम कडक. स्क्रीनवर आपलं, ब्रेक दाबा, ब्रेक दाबा. मी सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, काय केलंत? नवीकोरी गाडी आहे."

माणसाने शोरूमला फोनही करू दिला नाही. अर्धा तास तसाच आत बसून राहिला, पाय पेडलवर. मग हाक मारली.

"ही बस नाही, हे मी विसरलो. इंजिन बंद असलं की ह्या ब्रेकला दोन-चार दाबांपुरतीच मदत उरते. ती मी दाबून दाबून संपवली. आता पायाला एकट्याने जोर लावायचाय. बिघाड काही नाही."

मग मला बसवलं आणि शिकवलं. पाय जोरात रोवून ठेव. उचलू नको. आता बटण. इंजिन चालू झाल्यावर पेडल पायाखाली थोडं खाली गेलं, तर ब्रेक ठणठणीत.

"आणि नाही गेलं तर?"

"तर गाडी जागची हलवायची नाही. मला हाक मारायची."

आज सकाळी वर्तकनगरला मी फुलं घेऊन खाली आले. आई आधीच चावी घेऊन उतरलेली, मागे बसलेली. मांडीवर बाबांचा फोटो, पायाशी खिरीचा डबा. अकराला तिकडे वंदनेसाठी भन्तेजी येणार, त्यांना पुढे अजून एका घरी जायचं. उशीर झाला तर बाबांची वंदना आमच्याशिवाय होणार.

मी ब्रेकवर पाय ठेवला. कडक.

बटण दाबलं. काही नाही.

रात्रभर गाडी उभी. मी तर पाच वेळा वगैरे दाबत नाही, मला कसली घाई असते तुम्हाला माहितीय. आणि बाबांचा नियम पाठ होता. कोणी हात न लावता सकाळी पेडल कडक, म्हणजे ती मदत कुठेतरी गळतेय.

आणि रस्ता कुठला, तर नाशिक हायवे, सगळे ट्रक, आणि मागे आई.

डोंबिवलीला दादाला फोन लावून सांगितलं. "शितल, शहाणपणा नको. आईला घेऊन अजिबात निघू नकोस. कॅब कर."

दोन कॅबवाल्यांनी खडवली ऐकून कॅन्सल केलं. सव्वानऊ वाजले.

माझं डोकं सटकलं. "आई, उतर. गाडी गेली कामातून."

आई उतरेना. फोटो घट्ट धरून बसली.

आणि तेव्हा मला आठवलं की बाबा बिघाड बघायला गेले की आधी पाना काढायचे नाहीत. आधी ड्रायव्हरला चहा द्यायचे. म्हणायचे, गाडी बोलत नाही, माणूस बोलतो, आधी त्याला विचार.

चहा नव्हता. मी मागे वळले. "आई, सकाळपासून गाडीला कोणी हात लावला?"

"मी कशाला लावू?"

"आई."

फोटोकडे बघत म्हणाली, "पाचदाच दाबला गं."

मी सीटवरून पूर्ण वळून तिच्याकडे बघितलं.

"ते दाबायचे ना. आज त्यांच्याच कामाला निघालो आणि ब्रेक कोणी बघायचा? म्हणून पुढे बसले. पाय पोचत नव्हता. सरकून सरकून दाबला. मोडला का गं माझ्याकडून?"

माझी आई. जन्मात कधी ड्रायव्हर सीटवर बसली नाही.

मी हसत होते की रडत होते, मला नाही माहीत. पण मग हातपाय भराभर चालायला लागले. सीट पुढे घेतली, पाठ टेकली, अख्खं वजन त्या एका पायावर टाकलं. जोर लावला, अजून लावला, आणि बटण.

इंजिन सुरू झालं.

आणि पेडल हळूच, अगदी हळूच, पायाखाली खाली गेलं.

"गेलं का?" मागून आई.

"गेलं."

तरी गेटपर्यंत दोनदा गाडी थांबवून बघितली, बाबांची मुलगी आहे शेवटी. दादाला फोन करून सांगितलं, कॅब नको, आम्ही निघालो. आणि भन्तेजींच्या आधी दहा मिनिटं पोचलो.

परत निघताना पण पाच वेळा ब्रेक आईच दाबणार आहे. मी सांगितलंय तिला. मग मी बसेन आणि जोर लावेन.

बाबा, पेडल खाली गेलं, म्हणून तुम्हाला हाक मारायची वेळ आली नाही. गाडी सुरू होईपर्यंत मात्र खूप मारावीशी वाटली.

ब्रेक बघितलाय. आईला नीट घरी नेते.

तुमच्या शितूचं तुम्हाला विनम्र अभिवादन.