बारा नंबरच्या रांगेतला तारपा

"मॅम, बाराचा बिन बंद होत नाहीये," रेश्माने मागून हाक मारली. विमानाचं दार लावायला चार मिनिटं उरली होती.

बिन म्हणजे सीटच्या वरचा सामानाचा कप्पा. मी त्या दिवशी केबिन इन्चार्ज होते. म्हणजे मुंबई-दिल्ली फ्लाइटवर आम्ही चौघी, आणि काही चुकलं तर जाब मला. ग्राउंड स्टाफचा मुलगा दारात घड्याळ बघत उभा होता. उशीर झाला की तो कोणामुळे झाला हे लिहावं लागतं. 'केबिन क्रू' असं लिहिलेलं कोणालाच आवडत नाही.

मी बाराव्या रांगेपाशी गेले. काय झालं होतं ते मला जाण्याआधीच कळलं होतं.

वीस मिनिटांपूर्वी पन्नाशीचा एक माणूस चढला होता. पांढरा सदरा, पायात नवी चप्पल, आणि हातात लांबट काहीतरी, चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं. नाव देवराम, सीट बारा ए, खिडकीची. ते गाठोडं त्याने झोपलेलं मूल ठेवावं तसं कप्प्यात ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, याच्यावर कोणाला काय ठेवू देऊ नको. आत भोपला हाय. तारपा हाय त्यो."

तारपा काय असतो हे मला सांगायची गरज नव्हती. मी जव्हारची. बाजारपेठेत वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरची माणसं यायची, आणि गल्ल्याशेजारी बसून मी त्यांची बोली ऐकतच मोठी झाले. तारपा फुंकून वाजवतात. सुकवलेला भोपळा, त्याला मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. एक माणूस वाजवतो आणि त्याच्याभोवती सगळे हात धरून नाचतात. तारपा थांबला की नाच थांबतो.

"कुठले तुम्ही?" एवढं विचारायला मला काय झालं होतं? पण युनिफॉर्म चढवला की मी जव्हारची राहत नसे. बरोबरच्या मुलींना मी 'मुंबईची' म्हणूनच माहीत होते. मी हिंदीत म्हटलं, "जी, ठीक है. कोई नहीं रखेगा."

तो आपणहून म्हणाला, "पोशेऱ्याचा मी. मोखाडा तालुका. आमची पार्टी रेल्वेनं पुढं गेली. माझी बायको आजारी व्हती म्हणून मी मागं रायलू. उद्या सकालच्याला नाच हाय दिल्लीत. त्यांनीच तिकीट धाडलं." पोशेरा आमच्यापासून जेमतेम तासाभराच्या अंतरावर. मी हसून मान हलवली आणि पुढच्या प्रवाशाकडे वळले.

शेवटी शेवटी बारा सी आला. आम्ही प्रवाशांना सीटच्या नंबरानेच ओळखतो, म्हणून त्याला तेच म्हणते. कानाला फोन, हातात दोन ट्रॉली बॅगा. नियमाने एकच आत आणता येते. त्याने कप्पा उघडला, ते गाठोडं एका हाताने आत लोटलं, आडवं होतं ते तिरकं केलं आणि दोन्ही बॅगा कोंबल्या.

मी म्हटलं, "सर, एक बॅग सीटखाली ठेवाल का? किंवा मी खाली कार्गोत पाठवते."

फोन न काढता तो म्हणाला, "दर आठवड्याला फ्लाय करतो मी. गोल्ड कार्ड आहे. असली बोचकी आत येऊ देता आणि मला शिकवता?"

"सर, त्यात वाद्य आहे."

"मग मालगाडीने पाठवा."

खिडकीशी बसलेला देवराम आमच्या तोंडांकडे बघत होता. इंग्रजी-हिंदीतलं बोलणं त्याला किती कळलं, माहीत नाही. मी दुसऱ्यांदा विनंती केली. बारा सीने मला तळहात दाखवला, थांब म्हणून, आणि फोनवर बोलत राहिला. आणि मी खरंच थांबले. गोल्ड कार्डवाल्याची तक्रार आली की खुलासा लिहावा लागतो, सदऱ्यातल्या माणसाची तक्रार येत नाही. हे तेव्हा मी मनातही स्पष्ट म्हटलं नव्हतं. पण हिशोब तोच होता.

आणि आता तोच बिन बंद होत नव्हता.

दारातून ग्राउंडवाला ओरडला, "मॅम, दार लावू का?"

एक बॅग काढून खाली पाठवायला चार-पाच मिनिटं लागली असती. मी टाचा उंच केल्या, दोन्ही तळहात झाकणावर ठेवले आणि अंगाचा जोर लावून दाबलं. आतून 'कट्' असा आवाज आला. पापड मोडल्यासारखा. आणि कुलूप बसलं.

"लाव," मी म्हटलं.

विमान धावपट्टीकडे निघालं. याला टॅक्सी म्हणतात. या वेळात कोणीही उभं राहायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. मी माझ्या घडीच्या सीटवर पट्टा बांधून बसले होते, तेवढ्यात मधल्या रांगांतून गलका झाला. देवराम उभा होता. बारा सीच्या गुडघ्यांवरून पलीकडे येऊन त्याने कप्पा उघडला होता आणि एक ट्रॉली बॅग अर्धी बाहेर ओढली होती.

मी माइकवरून ओरडले, "बैठ जाइए! तुरंत बैठ जाइए!"

तो बसेना. बारा सीने त्याचा दंड धरला, त्याने तो झटकला. मी कॅप्टनला फोन केला. विमान जागच्या जागी उभं राहिलं आणि मी धावत गेले.

"ही पुश्ड मी!" बारा सी म्हणत होता. "पिऊन आलाय हा. मला हे लेखी हवंय."

देवराम माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "बाय, भोपला वाजला. आत बघू दे."

मला कळलं होतं. शब्द न् शब्द कळला होता. मी बॅग आत ढकलली, कप्पा लावला आणि त्याला खांद्याला धरून सीटवर बसवलं. पट्टा माझ्या हाताने आवळला.

कॅप्टनने फोनवर विचारलं, "परत न्यायचं का? माणूस प्यायलाय का?"

त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता. मी इतकी जवळ होते की मला ते नक्की माहीत होतं.

"सांगता येत नाही, सर," मी म्हटलं. "पण आता बसलाय. आवरेल."

"मग वॉर्निंग द्या आणि निघूया."

वॉर्निंग म्हणजे एक छापील पत्र असतं. तुमचं वर्तन सुरक्षेला बाधक आहे, पुन्हा घडल्यास पोलिसांकडे देऊ, असा मजकूर. त्यात नाव आणि सीट भरायची आणि प्रवाशाच्या हातात द्यायचं. विमान वर गेल्यावर मी ते भरलं. देवरामने ते दोन्ही हातांनी घेतलं, इंग्रजी अक्षरांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ह्यो कागद दिल्लीला दाखवाय लागंल?"

"नाही, तुमच्यापाशी ठेवा," मी म्हटलं. या एका वाक्यापुरती मराठीत.

त्याने घडी करून खिशात ठेवला. बारा सीने सीट मागे लोटली आणि मोबाइलवर आवाज मोठा ठेवून मॅच बघितली. मागच्या बाईंनी तक्रार केली तेव्हा मी त्याला इयरफोन लावायला दोनदा सांगितलं. त्याने लावले नाहीत. त्याला पत्र दिलं नाही.

दिल्लीला सगळे उतरल्यावर देवरामने गाठोडं सीटवर ठेवून सोडलं. भोपळ्याला बोटभर लांब चीर गेली होती आणि एक नळी मेणातून सुटली होती. त्याने तोंडाला लावून फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. मग चीर अंगठ्याने दाबून धरली आणि तिसऱ्यांदा फुंकलं.

"बाय, मेण मिलंल का इथं?"

पुढच्या फ्लाइटला पस्तीस मिनिटं होती. सफाईवाले आत आले होते. "बाहेर चौकशी करा," मी म्हटलं आणि सीटांचे पट्टे सरळ करायला लागले.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. 'प्रवासी टॅक्सीदरम्यान उभा राहिला. सहप्रवाशाशी झटापट. तोंडी व लेखी ताकीद.' सगळं खरं होतं. झाकण कोणी दाबलं, तो रकाना रिपोर्टमध्ये नसतो.

दिवाळीला मी जव्हारला गेले. पाच महिने झाले होते. मध्ये कितीदा तरी झाकण लावताना माझे हात अडले होते. भावाला सगळं सांगितलं. तो दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे चौकशी करून आला आणि म्हणाला, "सापडला. चल, मी सोडतो."

पोशेऱ्याच्या एका पाड्यावर देवरामचं घर होतं. खळ्यात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. त्याने मला ओळखलं नाही. साध्या कपड्यांत होते मी. बायकोने कोरा चहा आणून दिला. आता ती बरी दिसत होती.

मी म्हटलं, "दादा, दिल्लीच्या विमानात मी होते."

त्याने माझा चेहरा नीट न्याहाळला. "हां. कागद दिला ती."

"हो. दिल्लीत काय झालं पुढं?"

त्याने सांगितलं. मेण मिळालं नाही. कोणीतरी चिकटपट्टी आणून दिली, ती फुंकल्यावर सुटली. शेवटी आयोजकांच्या पोराने मोबाइलवर कुठल्यातरी तारप्याचं रेकॉर्डिंग शोधून मोठ्या स्पीकरवर लावलं. "मी मधी उभा. तारपा तोंडाला लावून. वाजवल्यावानी करायचा, असा सांगलं. पोरी नाचल्या. पण त्यो सूर आमचा नवताच. पाय चुकलं सगल्यांचं. मी मागं वलून बगायचू तर पोरी माझ्याकडं बगत नवत्या." त्यानंतर त्यांच्या पार्टीला कुठूनच बोलावणं आलं नाही, हेही त्याने सांगितलं. त्याच स्वरात.

मी कप खाली ठेवला. "दादा, त्या माणसानं बॅगा ठेवल्या. पण झाकण मी दाबलं. आवाज मी ऐकला होता. तुम्ही उभे राहिलात तेव्हा का राहिलात ते मला ठाऊक होतं. तरी कागद तुम्हाला दिला."

भाऊ खळ्याकडे बघत होता. देवरामची बायको दारातच थांबली.

"दिसला मला," देवराम म्हणाला. "तू दोनी हातांनी दाबत व्हतीस. मी तवाच उठणार व्हतू. पण त्यो पट्टा सुटना. कसा सोडायचा ते कलना. सुटला तवर गाडी चालू झाली."

"मग कोणाला सांगितलं का नाही? तिथं, सगळ्यांसमोर?"

"तू म्हणली व्हतीस ना, कोणी ठेवणार नाय म्हणून. मला वाटलं, बायला ठाव असंल किती दाबायचं ते."

चहा निवला होता, तो मी पिऊन टाकला.

नवीन तारप्याचं विचारलं. भोपळा पावसात लावायचा, वेलावरच हवा तसा वाढू द्यायचा, मग सुकवायचा, असं तो म्हणाला. यंदाचे दोन किडले. पुढच्या पावसात बघू. मी विकत आणून देण्याचं बोलले, तर त्याने मान हलवली. दुसऱ्याने घडवलेला तोंडाला बसत नाही म्हणाला. निघताना "ये परत" म्हणाला. आमच्याकडे ते सगळ्यांनाच म्हणतात.

मुंबईला आल्यावर मी ऑफिसला पत्र लिहिलं. प्रवासी प्यायलेला नव्हता, त्याच्या वस्तूचं नुकसान माझ्या हातून झालं, नोंद दुरुस्त करावी. वरिष्ठांनी बोलावलं.

"इतक्या महिन्यांनी हे कशाला?"

"तेव्हाच लिहायला हवं होतं, सर."

"बघ, त्या बारा सीला आपण गैरसोयीबद्दल पॉइंट्स देऊन बसलोय. आता हे उकरायचं?"

नोंद दुरुस्त झाली. मला तीन दिवस फ्लाइटवरून उतरवलं आणि पुन्हा ट्रेनिंगला बसवलं. पोशेऱ्याला कंपनीचं दोन ओळींचं पत्र गेलं, तेही इंग्रजीत. भावाने जाऊन वाचून दाखवलं.

आता मी नव्या मुलींना शिकवते. उद्धट प्रवाशाशी कसं वागायचं, या तासाला मुली वह्या उघडून बसतात. आवाज खाली ठेवा, डोळ्यांत बघा, तीनदा सांगा, मग कॅप्टनला कळवा, हे सगळं पुस्तकात आहे. मी पुस्तकाबाहेरचं एकच सांगते. जो मुकाट बसलाय त्याची वस्तू आधी बघा. ओरडणाऱ्याचं काम आपण सगळेच करतो, ते शिकवावं लागत नाही.

त्या लिहून घेतात. परीक्षेला हा प्रश्न येत नाही.