टेपवरचं एक वाक्य

"मी सॉलिसिटर नाही हं," हे डेलिथ रोलंड्स दिवसातून दहा वेळा तरी म्हणायची. घटस्फोटासाठी आलेली एखादी बाई तिच्यापुढे रडून मोकळी व्हायची आणि निघताना म्हणायची, "वकीलबाई, तुमचे फार उपकार झाले." की डेलिथ लगेच तिला दारात अडवणार. "मी इथली कारकून. सॉलिसिटर मिस्टर प्रॉसर, ते आत बसतात." समोरच्या टेबलावर टाइप करता करता माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "अगं, म्हणू दे की तिला! तुझं काय जातंय?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "खोटं आहे ना पण ते, ग्लेनिस."

लॅनेली गावातल्या आमच्या वकिलीच्या कचेरीत ती एकोणिसाव्या वर्षी लागली, माझ्या हाताखाली टायपिस्ट म्हणून. बाप पत्र्याच्या कारखान्यात, आई शाळेत जेवण वाढणारी. मी तिला शिकवायला बसले आणि महिन्याभरात लक्षात आलं, ही पोरगी पत्र नुसतं टाइप करत नाही, वाचते. पुढे संध्याकाळच्या बसने स्वान्सीला जाऊन सहा वर्षांत तिने कायद्याची पदवी घेतली. मग शनिवार-रविवार घालवून वकिलीचा अभ्यासक्रम पुरा केला. त्या नादात एक बरा मुलगा हातचा गेला. त्याच्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

पण नुसत्या परीक्षा देऊन आमच्याकडे कुणी सॉलिसिटर होत नाही. कुठल्यातरी कचेरीने दोन वर्षं उमेदवार म्हणून ठेवून घ्यावं लागतं. जागा एक असली तर अर्ज दोनशे. आणि आमच्या प्रॉसरसाहेबांचं वर्षानुवर्षं एकच, "पुढच्या वर्षी बघू, डेलिथ." गाजर दाखवावं तर त्यांनीच!

मग दर वर्षी एकतीस जुलैच्या आत ती बाहेर दहा-बारा अर्ज करायची. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात चीजचं सँडविच आणि दुसऱ्या हातात काळ्या शाईचं पेन. "तुम्हाला आमच्याच कचेरीत का यायचं आहे?" या प्रश्नाशी तिची गाडी अडायची. मी म्हणायचे, "लिही, लहानपणापासून तुमचीच स्वप्नं बघत्येय." ती हसायची आणि खोडून खोडून खरं तेच लिहायची. सप्टेंबरात नकाराची पत्रं यायची. टपाल मीच उघडायचे, त्यामुळे ती तिच्या हातात द्यायची कामगिरीही माझीच.

आता जे सांगायचं ते सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

अर्जाबरोबर बऱ्याच कचेऱ्या सध्याच्या साहेबाचं शिफारसपत्र मागवायच्या, बंद लिफाफ्यात. साहेब ते टेपवर बोलायचे, मी कानाला लावून टाइप करायचे. पत्र सुरुवातीला छान असायचं: मेहनती, विश्वासू, अशिलांची लाडकी. आणि शेवटी एक वाक्य: "मात्र स्वतंत्र जबाबदारी पेलण्याचा तिचा पिंड नाही, आणि आहे त्या कामात ती सुखी आहे." सहा वर्षं तेच वाक्य. असलं पत्र वाचून कोण बोलावणार होतं तिला?

टेपवर ऐकलेलं टेपवरच ठेवायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मीच डेलिथला शिकवला होता. शिवाय प्रॉसरसाहेब वाईट माणूस नव्हते. माझा नवरा गेला तेव्हा चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसून ते ढसाढसा रडले होते. मला महिनाभर भरपगारी रजा दिली. अशा माणसाचं पत्र मी कुणाला दाखवू? म्हणून टाइप करायचे, प्रत त्यांच्या कपाटात कुलूपबंद करायचे आणि डेलिथसाठी चहा टाकायचे. चहात कधी साखर कमी पडली नाही, एवढंच.

सातव्या वर्षी, जुलै महिन्यात, साहेब एका खटल्याची तारीख विसरले. मुलांच्या ताब्याचा खटला. डेलिथने सकाळी नऊला कोर्टात फोन केला, हातापाया पडून वेळ वाढवून घेतली, स्वान्सीहून बॅरिस्टर मिळवला आणि कागद घेऊन स्वतः धावली. आईला मुलं मिळाली. बाई केक घेऊन आली तो साहेबांसाठी. दुपारी माझ्या टेबलावर टेप येऊन पडली. मेहनती, विश्वासू, आणि मग तोंडात त्याच केकचा घास घोळवत तेच वाक्य.

माझा पाय टेप चालवायच्या पेडलवरून उचलला गेला. मी ते वाक्य टाइपच केलं नाही. "आपला नम्र" घातलं आणि पत्र सह्यांच्या फायलीत सरकवलं. साडेचारला साहेब सह्या करायचे त्या न वाचता, एका हातात चहाचा कप धरून. त्या दिवशीही तशाच केल्या.

सप्टेंबरात कार्डिफच्या एका मोठ्या कचेरीने तिला मुलाखतीला बोलावलं. आठवड्याभराने पत्र आलं, जाड लिफाफ्यात. उमेदवारीची जागा, आणि होकार कळवायला चौदा दिवस. मी किंचाळलेच. डेलिथ पत्र तीनदा वाचून माझ्याकडे बघत राहिली. "ग्लेनिस, मुलाखतीत ते म्हणाले, तुमच्या साहेबांनी तुमच्याबद्दल फार सुंदर लिहिलंय. मला वाटायचं, त्यांना मी दिसतच नाही."

मी चहा टाकायला उठले.

साहेबांना बातमी कळली तेव्हा ते पांढरेफटक पडले. दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावून म्हणाले, "इथेच राहा. पुढच्या वर्षी मीच तुला उमेदवार म्हणून घेतो." आणि ही बाई बाहेर आली ती डोळे पुसत.

"मी कार्डिफला नाही म्हणून कळवणार आहे," ती मला चहाच्या खोलीत म्हणाली.

"डोकं फिरलंय का तुझं? पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! किती पुढची वर्षं झाली?"

"आता मनापासून म्हणतायत ते. ते पत्र लिहिणारा माणूस शब्द फिरवेल का? माझ्यामागे कचेरीचं कसं व्हायचं, ग्लेनिस? एवढं चांगलं लिहिलं त्यांनी."

"नाही लिहिलं," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगून टाकलं. किटली उकळून उकळून बंद झाली तरी मी बोलतच होते.

तिने फक्त विचारलं, "किती वर्षं?"

"हे सातवं. त्याआधीची सहा टाइप केली."

तिने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता शिव्या घालेल. तर म्हणाली, "म्हणजे कार्डिफची जागाही मला अशी घेता येणार नाही."

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना! फसव्या पत्रावर सॉलिसिटर व्हायचं आणि मग लोकांकडून शपथेवर खरं लिहून घ्यायचं?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला तर रडूच फुटलं. तिने माझ्याकडे कपाटाची किल्ली मागितली, त्या पत्राची प्रत काढली आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेले. चोरी माझी होती.

"हे तुम्ही वाचलंत?" तिने प्रत त्यांच्यापुढे ठेवली.

"सही आहे की माझी."

"वाचलंत का?"

साहेबांनी चष्मा लावला. शेवटाला आल्यावर मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यात एक वाक्य कमी आहे."

"मी गाळलं," मी म्हणाले. त्यांनी मला त्याच क्षणी काढून टाकलं असतं तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

पण डेलिथने त्यांना माझ्याकडे वळूच दिलं नाही. "मिस्टर प्रॉसर, गाळलेलं वाक्य खरं आहे का? असेल तर मी आत्ता कार्डिफला फोन करते आणि जागा सोडते." ती खरंच सोडणार होती. तिला ओळखणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, आणि साहेब तिला सतरा वर्षं ओळखत होते.

"तू गेलीस तर ही कचेरी सहा महिने चालणार नाही," ते हळूच म्हणाले.

"मी ते विचारलं नाही."

साहेबांनी चष्मा काढला. एकदम म्हातारे दिसायला लागले. "नाही. खरं नाही. कधीच नव्हतं."

"मग तेवढं लिहून द्या."

त्यांनी टेप घेतली नाही. पेन घेऊन स्वतःच्या हाताने लिहिलं: पत्र न वाचता सही केली, एक वाक्य टायपिस्टने गाळलं, ते वाक्य असत्य होतं, उरलेल्या पत्रातला शब्द न् शब्द मी आज वाचून मान्य करतो. डेलिथने तो कागद आणि आपला होकार एकाच लिफाफ्यात घातला. हे वाचून ते जागा काढून घेऊ शकतात, हे तिला माहीत होतं. लिफाफा तिने स्वतः पेटीत टाकला.

दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. अकराव्या दिवशी उत्तर आलं. मी ते न उघडता तिच्या टेबलावर ठेवलं. तिने वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. दोन ओळी होत्या: खुलासा मिळाला, नोंद घेतली. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हावे.

मी उठून तिला मिठी मारली. तीही मला घट्ट बिलगली, अगदी लेकीसारखी, आणि मला वाटलं, झालं, माफ केलं हिने. मग माझ्या खांद्यावरूनच तिने विचारलं, "ग्लेनिस, ते एक वाक्य गाळायला त्या दिवशी तुला किती वेळ लागला?"

"वेळ कसला? एक क्षण."

"मग आधीची सहा वर्षं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि मी मिठी सोडवून चहा टाकायला गेले.