म्हातारीनं सडा टाकलेली जागा

निवारा दुसरीकडं नेणार हे कळल्यावर म्हातारीनं एकच गोष्ट विचारली, "दवाखान्यापासून लांब हाय का जवळ?"

मी तिथं झाडलोट आणि स्वयंपाक करत होते, अजूनही करते. घर नसलेल्यांसाठी नगरपालिकेनं हा निवारा आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत काढला होता. छताचा गिलावा पडायला लागला, झोपलेल्या एका माणसाच्या खांद्यावर ढेकूळ पडलं, तेव्हा पालिकेच्या साहेबांनी सांगितलं की पावसाळ्याआधी खोल्या रिकाम्या करा.

म्हातारी मुखेडकडची. तिला शुगर होती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि एक दिवसाआड सरकारी दवाखान्यात जाऊन पट्टी बदलावी लागायची. शाळा दवाखान्याच्या जवळच असल्यानं ती काठी टेकत एकटीच जाऊन यायची. तेवढ्यावर तिचा पाय टिकून होता.

"साहेब म्हणले जवळच हाय," निवाऱ्याच्या राखणदारानं तिला सांगितलं. कुठं ते त्यालाही माहीत नव्हतं.

मला कळलं ते जाता-येता. दवाखान्यासमोरच्या कॉलनीत पालिकेची एक मोकळी जागा होती. वेड्या बाभळी, फुटक्या बाटल्या, डुकरं. एके दिवशी तिथं जेसीबी फिरला, टेप लावून साहेबांनी मोजलं आणि चुन्याची फक्की टाकून खोल्यांच्या रेघा आखल्या. कॉलनीतल्या बायका गेटाशी उभ्या राहून बघत होत्या. किराणा दुकानवाल्या काकू मोठ्यानं म्हणाल्या, "आता इथं भिकारी आणून बसवायलेत. आपल्या पोरीबाळींनी जायचं कुठून?" मी मान खाली घालून तिथून निघाले आणि निवाऱ्यात कुणाला हे सांगितलं नाही.

दोन-चार दिवसांनी सकाळी मी कणीक मळत होते. म्हातारी अंथरुणावर नव्हती. पट्टीचा दिवस नव्हता, म्हणून मी जरा काळजीत होते. तेवढ्यात ती आली. हाताला शेणाचा वास, पदरात नारळाची वाटी, आणि चेहरा इतका खुललेला की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

"आज मला मान भेटला बघ माय," ती म्हणाली. "देवळाम्होरं बसले व्हते तर त्या दुकानवाल्या काकूनं हाक मारली. म्हणली, मावशे, म्हसोबा बसवायलोत, सडा टाकतीस का? शेणानं सगळी जागा सारवली मी. रांगोळी बी मीच घातली."

"कुठं?"

"दवाखान्याम्होरं. तिथं चुन्याच्या रेघा व्हत्या आधीच. सरळ, नीट. त्यावरूनच रांगोळी वढली. सोपं पडलं."

माझे हात कणकेतच राहिले.

"मला, रांडमुंड बाईला, पहिला नारळ दिला गं," ती म्हणाली. मग तिनं विळीवर खोबऱ्याचे बारीक तुकडे केले आणि निवाऱ्यातल्या प्रत्येकाला दिले. सगळ्यांनी हात पुढं करून प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

साहेब आले तेव्हा जागेच्या मधोमध शेंदूर फासलेला दगड होता, त्याला विटांचा ओटा, वर झेंडा. साहेबांनी लांबूनच बूट काढले, हात जोडले आणि टेप पिशवीत टाकला. बांधकाम घेतलेला गुत्तेदार म्हणाला, "साहेब, मला लेकरंबाळं हायत. ह्या देवाला मी हात लावत न्हाई." पुन्हा कुणी तिथं मोजायला आलं नाही.

निवारा गेला गावाबाहेर, कचरा डेपोच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. माणसांना नेलं ते घंटागाडीतून. मीही आता घंटागाडीतच बसून जाते. तिथं धूर असतो आणि माश्या. म्हातारीच्या पायावर ओढणी टाकली तरी माश्या आत शिरायच्या. रिक्षावाले तिकडं येत नाहीत. पट्ट्या चुकायला लागल्या.

एक दिवस ती शेडमधून निघाली आणि काठी टेकत गावात आली. दवाखान्यात पट्टी करून घेतली आणि म्हसोबाच्या ओट्यावर जाऊन पडली. तिथंच राहिली. रोज सकाळी सडा टाकायची, रांगोळी काढायची. काकू तिला भाकरी द्यायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "म्हातारी लई सेवा करती देवाची." पायाची जखम जरा सुकायला लागली होती.

तिचं पाहून शेडमधली आणखी माणसं ओट्यावर येऊन झोपायला लागली. मग कॉलनीनं ओट्याभोवती लोखंडी जाळी बसवली आणि कुलूप लावलं. म्हातारी बाहेर मातीत निजू लागली, पण सडा चुकवला नाही.

मी घंटागाडीची वाट बघत तिच्यापाशी थांबायची. एकदा तिनं विचारलं, "माय, राखणदार म्हणायचा नवा निवारा जवळ व्हनार. जवळ म्हंजे कुठं व्हनार व्हता?"

मला खोटं बोलता येत नाही, खरंही लवकर बोलता येत नाही. शेवटी मी म्हणाले, "हितंच."

"हितं म्हंजे?"

"तू रांगोळी घातलीस त्या चुन्याच्या रेघा. त्या निवाऱ्याच्या खोल्या व्हत्या."

ती जाळीकडं वळली. म्हणाली, "काकूला ठावं व्हतं?"

मी मान खाली घातली. घंटागाडी आली.

दुसऱ्या दिवशी तिथं सडा नव्हता. म्हातारी दिसली ती शेडमध्ये, धुराच्या बाजूला तोंड करून पडलेली. गावात चल, पट्टी करू, म्हणून मी हाताला धरून उठवायला गेले, तर तिनं हात सोडवून घेतला. "तिकडं न्हाई येत मी," एवढंच म्हणाली. ताप भरला तेव्हा तिला लातूरला नेलं आणि गुडघ्याखाली पाय कापला. आता ती शेडमध्येच असते. मी तिला भात भरवते.

परवा घंटागाडीची वाट बघत उभी होते. काकू जाळीचं कुलूप काढत होत्या. आत फुलं वाळली होती, ओट्यावर कचरा होता.

"अगं, ती म्हातारी कुठं गेली?" त्यांनी विचारलं. "सडा टाकायला कुणी न्हाई बघ. तुमच्या तिथं दुसरी कुणी असली तर दे की लावून. भाकर देतो आम्ही."

मी मान हलवून नाही म्हटलं आणि घंटागाडीत चढले.