पावसाच्या देवाला बोललेला नवस

आईला कॅनडात कायमची ठेवून घ्यायची, हा माझा बेत होता. सरकारकडे तसा फॉर्मही भरून ठेवला होता. आईवडिलांना कायमचं बोलवायचं असेल तर इथे चिठ्ठ्या काढतात. ज्याचा नंबर लागेल, त्याची आई इथली. बाबा गेल्यापासून ती नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी, आणि मी मिसिसागाच्या कॉन्डोत बसून रोज फोनवर "जेवलीस का" विचारणारा कर्तव्यदक्ष मुलगा. या वर्षी ती व्हिजिटर म्हणून आली आणि तिचा अख्खा हिवाळा सतराव्या मजल्याच्या खिडकीत, खालची बर्फ काढणारी गाडी बघण्यात गेला. मला वाटायचं, रमली.

शाळेच्या मार्च ब्रेकमध्ये निम्म्या मिसिसागाप्रमाणे आम्हीही मेक्सिकोला गेलो. रिसॉर्टमध्ये आल्या आल्या मनगटाला पट्टा बांधतात आणि मग दिवसभर खात बसा म्हणतात. आईने पट्टा निरखून विचारलं, "कोणाला ॲडमिट केलं आहे?" तिसऱ्या दिवशी तिला खाण्याचाही कंटाळा आला, म्हणून जंगलातले प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष दाखवणारी एक दिवसाची टूर घेतली.

गाइड स्वतः माया होता. "माया लोक नाहीसे झाले, असं तुमच्या मुलांना शाळेत शिकवतात," तो माइकवर म्हणाला. "नाहीसा झालेला मी पहाटे उठून तुम्हाला घ्यायला आलोय." बस हसली. मग कोण कुठून आलंय, हे त्याने विचारलं. मी ऐटीत "कॅनडा" म्हणालो. शेजारून आईने दुरुस्ती केली, "नागपूर."

जंगलात छत्री उंच धरून गाइड पुढे आणि टोप्या घातलेले आम्ही चाळीस जण मागे. उकाड्याने सगळ्यांचा जीव कासावीस. आई मात्र खुशीत. "ऊन म्हणावं तर हे," म्हणाली. मंदिर पायऱ्यापायऱ्यांचं, वर चढायला बंदी. समोर उभं राहून टाळी वाजवली की पाखरासारखा आवाज परत येतो, म्हणून गाइडने सगळ्यांना टाळी वाजवायला लावली. लोकांनी एकेक वाजवली आणि फोन काढले. आईने आरतीचा ठेका धरला, तो ती सोडेचना. माझी बारा वर्षांची मुलगी "ओ माय गॉड, आजी, स्टॉप" म्हणत झाडामागे गेली.

आईने मला गाइडला विचारायला लावलं की हा देव कशाचा. तो म्हणाला, पावसाचा. तेवढ्या माहितीवर आईने चपला काढल्या, तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिली आणि डोळे मिटले. ग्रुप पुढे निघून गेला.

"काय करून राहिली तू?" मी म्हटलं.

"नवस बोलली."

"याला? याचं नावही माहीत नाही तुला."

"त्याला कुठे माझं माहीत आहे?"

"आणि मागितलं काय?"

"पुरा होईस्तोवर सांगत नसतात."

न सांगताही मला कळलं होतं. महिन्याभरात चिठ्ठ्या निघणार होत्या. मी तसा देवाधर्माच्या बाबतीत मोठा चिकित्सक. मंडळाच्या गणपतीला गेलो तरी दर्शनापेक्षा पार्किंगची काळजी जास्त. पण मुलगी बघत नाही याची खात्री करून मीही हात जोडले आणि आईच्या मागणीला मनातल्या मनात दुजोरा दिला.

आम्हाला शोधत गाइड परत आला. आई काय करतेय, हे मी त्याला ओशाळत सांगितलं. तो हसला नाही. "माझी आईही मागते," म्हणाला. "फक्त तिला सांगा, मिळालं की परत यावं लागतं. स्वतः." मी ते आईला मराठीत सांगितलं.

"मग? आपल्यातही तसंच असते," आई म्हणाली आणि चपला घालून त्याच्या छत्रीमागे चालायला लागली.

एप्रिलमध्ये चिठ्ठ्या निघाल्या. ज्यांचा नंबर लागला, त्यांना मेल आले. ऑफिसमधल्या एकाला आला, त्याने पेढे वाटले. मी स्पॅमसुद्धा दोनदा तपासलं. संध्याकाळी घरी येताना आईची समजूत कशी काढायची, याची ट्रेनमध्ये तालीम केली. पुढच्या वर्षी लागेल, वकील गाठू, वगैरे.

आई पोळ्या लाटत होती. "आई, आपला नंबर नाही लागला," मी म्हटलं.

तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि पिठाचे हात जोडले. "पावला गं बाई," म्हणाली.

मला समजायला जरा वेळ लागला. "तू काय मागितलं होतंस?"

"याला मला इथे ठेवून घेऊ देऊ नको म्हणून." मग माझं तोंड बघून म्हणाली, "तुझ्यावर राग नाही रे. तुम्ही सकाळी जाता, मी तुमची वाट पाहते, एवढंच काम आहे मला इथे. तिथे सकाळी फिरायच्या वेळी बायका खाली उभ्या राहून मला हाका मारतात."

मला रडू आलं आणि रागही आला. कोणावर, ते ठरेना. एकाच देवापुढे, एकाच वेळी आम्ही दोघांनी हात जोडले होते. सगळा हिवाळा ती त्या खिडकीत बसून होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढायला बसलो. साइटने पहिलाच प्रश्न विचारला, फक्त जायचं की जाऊन-येऊन? मी 'फक्त जायचं'वर टिक केलं. आई चष्मा लावून माझ्या मागे उभी होती.

"येतानाचंही काढ," ती म्हणाली. "नवस फेडायला मलाच यावं लागेल ना."