जांभळ्या साडीची फाइल

आमच्या घरात रेशमी म्हणावी अशी एकच वस्तू होती, आणि मी अकरा वर्षांची असताना तीही गेली.

खडकीत रुळांच्या अलीकडे बावीस खोल्यांची बैठी चाळ होती. तिला सगळे लाइन म्हणत. आमची खोली दहा बाय बाराची. वडील गोदामात हमाली करायचे. संध्याकाळी पाठ टेकायची तर आधी पालथे झोपायचे, मग हळूच कुशीवर वळायचे. आई तीन बंगल्यांतली धुणीभांडी करायची. तिथल्या मुलांच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं ती फाडून आणायची, सुईदोऱ्यानं शिवायची, की माझी नवी वही तयार. गणिताचं पान आखीव, मराठीचं कोरं, मधेच एखादं चित्रकलेचं. बाईंनी विचारलं तर सांगायचं, दुकानात अशीच मिळाली.

या घरात आईची जांभळी जरीची साडी होती. तिच्या आईनं दोन हंगाम लोकांच्या कांद्यात खुरपून घेऊन दिलेली. आई ती वर्षातून एखाद्या लग्नात नेसायची. त्या दिवशी ती कुणाच्या घरची कामवाली वाटायची नाही.

मामाचं लग्न ठरलं म्हणून मे महिन्यात पेटी उघडली, तर साडी नाही. दोन वेळा पेटी रिकामी केली. मग आईला एकच गोष्ट सुचली. आई-वडील कामावर, मी शाळेत, त्यामुळं आमच्या खोलीची किल्ली रोज समोरच्या मावशीकडं असायची. ही काही सख्खी मावशी नव्हे, पण माझं जेवण कितीदा तिच्याकडंच झालेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर आई सगळ्यांदेखत म्हणाली, "किल्ली एकीकडंच होती. चोर बाहेरचा न्हाई."

मावशीनं हंडा खाली ठेवला, घरात गेली, किल्ली आणून आईच्या बादलीच्या कडेवर ठेवली. आठवड्याभरात लाइनीतल्या बाकीच्या बायकांनीही आपापल्या किल्ल्या तिच्याकडून नेल्या. विहारात कार्यक्रम असला की भांड्यांच्या खोलीत तिला एकटीला कुणी जाऊ देईना. तिच्या मुलीच्या अंगावर नवा फ्रॉक दिसला, तर बायका मुलीच्या तोंडाकडं न बघता फ्रॉकच्या कापडाकडं बघायच्या.

असंच चालू राहिलं. मी शिकत गेले. बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटर घेऊन. माझ्या आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांतली मी पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखंच आहे. औंधच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत मला टेस्टरची नोकरी लागली. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठं बिघडतं ते शोधायचं, असं ते काम. आईला ते पटकन कळलं. "म्हंजे नवी सून घासते आणि सासू भांडं उन्हात धरून बघती, तसलं," ती म्हणाली. त्याहून चांगली व्याख्या मला आमच्या ट्रेनिंगमध्येही मिळाली नाही.

माझ्या पगारातून एकवीस इंची रंगीत टीव्ही आला, केबल आली, आणि केबलबरोबर ती मालिका आली. एक इन्स्पेक्टर वर्षानुवर्षं बंद पडलेली प्रकरणं पुन्हा उघडायचा. लाल फीत सोडायची, धूळ झटकायची, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या माणसांना पुन्हा तेच प्रश्न विचारायचे. शनिवारी नवा भाग लागायचा, पण आमच्याकडची निम्मी माणसं पाळीवर असायची. म्हणून खरी गर्दी रविवारी अकराला, तोच भाग पुन्हा दाखवायचे तेव्हा. ज्यांनी शनिवारी बघितला असेल त्यांनी बोलायचं नाही, हा नियम. बोलला तर सगळ्यांना चहा पाजायचा.

काय तो रविवार असायचा! दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस माणसं. खाटेवर पुरुष, खाली बायका, दारात पोरं. रिटायर्ड कंडक्टर काकांचा संशय दर वेळी डॉक्टरवर. गोष्टीत डॉक्टर नसला तर ते कंपाउंडर शोधायचे. शेजारच्या घरी नुकतीच लग्न होऊन आलेली सून होती. तिला प्रत्येक वेळी नवराच गुन्हेगार वाटायचा. तिची सासू म्हणायची, "अगं, दोन महिने झालेत लग्नाला, एवढ्यात?" जाहिरात लागली की एकदम कालवा. "तो घड्याळ का बघत होता?" "अहो काका, वेळ बघायला!" गुन्हेगार सापडला की टाळ्या पडायच्या, जसं काही आम्हीच त्याला धरून आणलाय.

मावशी येत नसे. गल्ली चार हातांची. ती आपल्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची आणि दोन दारांमधून आमचा टीव्ही बघायची. वडील मधेच उठून आवाज वाढवायचे. आई म्हणायची, "बहिरं झालासा का?" वडील म्हणायचे, "हो." बास, एवढंच.

त्या वर्षी मावशीचे यजमान रिटायर झाले. लोणी काळभोरजवळ त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या आणि महिनाअखेरीला ते लाइन सोडून जाणार होते. एकदा मी नळावर असताना मावशी कुणाला तरी सांगत होती, "जाते बाई. पण जाते ती चोरटीच म्हणून." ती गेली की मागं तेवढंच राहणार होतं. तिचं नाव निघालं की साडी निघणार.

आणि नेमका त्या रविवारी तो भाग लागला. एका श्रीमंत बाईचे दागिने गेलेले, बाईही वारलेली, आणि घरची किल्ली मोलकरणीकडं. मोलकरीण पंधरा वर्षं बदनाम. पहिल्या पाच मिनिटांतच आमची खोली पेटली.

"मोलकरीणच!"

"मग काय, जिच्याकडं किल्ली तिनंच घेतलंय!"

"डॉक्टर दाखवलाय का कुठं?"

"काका, किल्ली कुणाकडं होती ते बघा ना!"

"किल्लीवालीच!" आठ-दहा जणी एकदम ओरडल्या. मग एकेकीला कळलं आपण काय ओरडतोय. खोली थंड झाली. समोरच्या उंबऱ्यावर तांदळाचं सूप तसंच होतं आणि मावशी आत गेलेली.

उरलेला भाग कुणी ओरडत बघितला नाही. इन्स्पेक्टरनं शेवटी शोधून काढलं, दागिने पुतण्यानं लांबवलेले. मोलकरीण सुटली. नव्या सुनेला आमचं जुनं प्रकरण ठाऊक नव्हतं. ती आनंदानं दारात धावली आणि समोर हाक मारली, "मावशी, अहो मावशी! किल्लीवाली सुटली!"

आतून आवाज आला, "टीव्हीतली सुटली, बाई."

मला काय झालं ठाऊक नाही. मी उठून टीव्ही बंद केला. मी म्हणाले, "आपल्याकडं पण एक फाइल आहे. आज उघडू या."

"गप बस," आई म्हणाली. "शहाणपणा हापिसात दाखव."

"विचारू दे तिला," वडील म्हणाले.

माझ्या अंगात तेव्हा खरंच वारं भरलं होतं. कंपनीत आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती. कुणी चुकवलं ते विचारायचं नाही. पायऱ्या लिहायच्या. पहिली काय केली, दुसरी काय केली. आणि माणूस नेहमी काय करतो ते लिहायचं नाही, त्या दिवशी काय केलं तेवढंच लिहायचं. मी एका प्रिंटआउटची मागची बाजू घेतली आणि आईसमोर बसले. पंचवीस माणसं पुढं सरकली.

"साडी शेवटची कधी बघितलीस?"

"मामाच्या लग्नाच्या वेळी गेलेली..."

"गेली हे कधी कळलं ते नको. डोळ्यांनी शेवटची कधी बघितलीस?"

आई विचारात पडली. "दसऱ्यानंतर. ऊन दाखवलं होतं तिला. तूच तर दोरी धरली होतीस."

"मग?"

"मग धोतराच्या फडक्यात गुंडाळली. जर काळी पडती न्हाईतर. अन् पेटीत ठेवली."

"पेटीत ठेवलेली आठवती, का दर वर्षी ठेवतेस म्हणून सांगतेस?"

काका खाटेवरून वाकले. "वहिनी, सावकाश. घाई नाही."

"त्या दिवशी..." आई म्हणाली, "बंगल्यावरनं बोलावणं आलं. पाव्हणे आलेले त्यांच्याकडं. मी तशीच पळाले. पेटीवर ठेवली असंल. आल्यावर ठेवू म्हणून."

"पेटीवर!" काकांनी मांडीवर थाप मारली. "लिही पोरी, पेटीवर!"

"ठेवलीस का आल्यावर?"

"आल्यावर न्हवतीच की पेटीवर. मला वाटलं, जातानाच ठिवली आत."

"पेटीवर आणखी काय होतं?"

"काय असणार? बोहारणीसाठी बांधलेलं गाठोडं. जुनी पातळं, तुझे आखूड झालेले फ्रॉक."

माझं पेन थांबलं.

सगळ्यांना कळायच्या आधी मला कळलं. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी बोहारीण त्याच दिवशी आली होती. आईनं सकाळीच सांगून ठेवलं होतं, पेटीवरचं गाठोडं दे, एक डबा घे, आणि पडतं घेऊ नकोस. पेटीवर गाठोडी दोन होती. दुसरं जुन्या, पिवळ्या पडलेल्या धोतराचं. आई त्यात साडी गुंडाळत होती तेव्हा मी बाहेर दोरी सोडत होते. मी दोन्ही दिली. बोहारणीनं पहिल्यातलं एकेक कापड उजेडात धरून नावं ठेवली. दुसऱ्यात तिनं नुसता हात घातला, क्षणभर थांबली, आणि गाठ पुन्हा आवळली. मग मी काय मागेन ते देत गेली. डबा मागितला, डबा दिला. पातेलं मागितलं, तर झाकणासकट मोठं पातेलं दिलं. घासाघीस नाहीच. मला वाटलं, मी जिंकले.

सगळ्या लाइनीलाही तेच वाटलं. अकरा वर्षांच्या पोरीनं बोहारणीला हरवलं! आईनं ते पातेलं बाजारात नेऊन त्यावर माझं नाव कोरून आणलं, खाली महिना आणि साल. सातवीनंतर मला शाळेतून काढायची गोष्ट निघाली तेव्हा वडील नातेवाइकांना म्हणाले होते, "बोहारणीला हरवणारी पोरगी शिकवायची नाही, तर कुणाला शिकवायचं?" माझ्या शिक्षणाची सुरुवात म्हणून हा किस्सा आमच्याकडं प्रत्येक लग्नात सांगितला जायचा.

मी तो कागद घडी घालून खिशात टाकू शकले असते. मी दोन्ही गाठोडी दिली हे आमच्यातल्या कुणी बघितलेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, तेवढा विचार माझ्या मनात येऊन गेला.

काका मात्र सुटले होते. "मग बोहारणीला गाठोडं दिलं कुणी?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डॉक्टर सोडून दुसरा धागा धरला होता.

मी फळीवरचं पातेलं काढलं आणि सगळ्यांमध्ये ठेवलं. "नाव वाचा," मी म्हणाले. "गाठोडी दोन होती. मी दोन्ही दिली. धोतराचं पण."

काकांनी चष्मा वर करून वाचलं. नाव, महिना. दसऱ्यानंतरचाच. खोलीत कुणाच्या तरी तोंडून "अगं बाई" निघालं. आई पातेल्याकडं बघत राहिली, मग दोन्ही हात तोंडावर.

मी गल्ली ओलांडली. मावशी चुलीपाशी पाठमोरी होती.

"मावशी, साडी मी बोहारणीला दिली होती. चुकून. तुम्ही नाही घेतली."

ती वळली. "मी नाही घेतली हे मला ठाऊक आहे. ते मला काय सांगतेस?" माझ्यामागं गल्लीत जमलेल्या माणसांकडं तिनं हात केला. "त्यांना सांग."

मी वळले आणि सांगितलं. गाठोडी, धोतर, पातेलं, सगळं. मोठ्यानं, मीटिंगमध्ये सांगतात तसं. तोवर आई येऊन उभी राहिली होती.

"माझं चुकलं," आई पुटपुटली.

"ऐकू नाही आलं," मावशी म्हणाली. "नळावर बोललीस तेव्हा पार स्टेशनापर्यंत आवाज गेला होता."

आईनं मान वर केली. "माझं चुकलं! हिनं साडी घेतली न्हवती. मी हिला खोटंच चोर म्हणले. सगळ्यांनी ऐका."

मावशीनं पदरानं हात पुसले. बराच वेळ पुसले. मग म्हणाली, "अकरा वर्षं लावली. त्या इन्स्पेक्टरला जाहिराती धरून एका तासात जमतं."

आधी काका हसले, मग सगळी गल्ली. आई हसता हसता रडायला लागली. "जयभीम कर की गं," ती म्हणाली, आणि मावशीनं खरोखर हात जोडले. मग आईचा दंड धरून ती आमच्या खोलीत आली, खाटेवर पुरुषांना सरकवून बसली आणि म्हणाली, "मी मधेच उठले. खरा चोर कसा सापडला, ते सांगा."

पंचवीस माणसं एकदम सांगायला लागली.

महिनाअखेरीला त्यांचा टेम्पो लोणी काळभोरला गेला. बावीस खोल्यांतलं एकेक माणूस पोचवायला आलं होतं. मावशीवरचा चोरीचा आळ तोवर पुरता निघाला होता, आणि तो तिच्या हयातीत, तिच्यासमोर, सगळ्यांदेखत निघाला.